कॅसेटच्या पोटातला शेवट

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे मागून कुजबुजायला नको. मी व्हिडिओ गेमची कॅसेट आहे. कॅसेट म्हटलं की लोक आत फीत शोधतात. माझ्यात फीत नाही, चाकं नाहीत, गाणंही नाही. वरून करडं प्लास्टिक, आत एक हिरवी पाटी आणि त्या पाटीवर नाण्याएवढी बॅटरी. त्या बॅटरीवर खेळाची आठवण टिकते. टीव्ही बंद करा, लाइट जाऊ द्या, कालचा खेळ कुठं जतन केला होता ते मी आज बरोबर सांगते. त्या काळच्या बाकीच्या कॅसेटींना हे कुठलं यायला? त्यांच्यातला माणूस पळायचा, उड्या मारायचा, खड्ड्यात पडायचा, की पुन्हा पहिल्यापासून. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. बरं, मोठेपणासाठीच सांगते. मला कोणाची चोरी आहे?

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथं माझ्या पोटात एक गोष्ट भरली. एक तारायान बिघडून परक्या ग्रहावर पडलं आहे. त्यातल्या चौघांनी वाटेतल्या राक्षसांशी लढायचं, बंद दारं उघडायची, यान दुरुस्त करायचं आणि घरी परतायचं. पण हे चौघे कोण, ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. माझ्याकडे पेशे सहा: सैनिक, वैमानिक, मिस्त्री, वैद्य, हेर आणि दुसऱ्याच्या मनातलं ओळखणारा मनकवडा. चार जण निवडा, पाहिजे तर एकाच पेशाचे, त्यांना नावं द्या आणि निघा.

चौघे घरी पोचले की काय दिसतं, तो शेवटही माझ्या पोटात होता. बनवणाऱ्यांनी त्यावर फार जीव लावला होता. पण पोटातला शेवट कॅसेटला आपला आपण पाहता येत नाही. कोणीतरी तिथवर खेळत जावं लागतं. पोटुशी बाई दिवस मोजते तशी मी मोजत होते. फरक एवढाच, की माझे दिवस काही भरत नव्हते.

शारजाच्या एका दुकानातून मला रोह्याच्या नूरमहंमदनं घेतलं. ते साल चौऱ्याण्णव. दोन वर्षांनी तो सुट्टीवर घरी निघाला होता. बॅगेत दोन चादरी, अत्तराच्या बाटल्या, एक इस्त्री आणि मुलासाठी मी आणि माझं यंत्र. रोह्याला पोचलो तर मुलगा फहाद बापाच्या गळ्यात पडायच्या आधी बॅगेवर पडला.

फहादनं चार जण निवडले. चारही सैनिक. मी मनात म्हटलं, असू दे, पोर आहे. पहिल्या ग्रहावर त्यांनी जो दिसेल त्याला बडवला. मग आलं पहिलं लोखंडी दार. ते मिस्त्री उघडतो. सैनिक नाही. फहादच्या चार सैनिकांनी त्या दाराला महिनाभर बुक्क्या मारल्या.

त्याची आई अमीना भाकऱ्या थापता थापता बघायची. एक दिवस तिला राहवेना. म्हणाली, "काय रे फहाद, चार पैलवान घेऊन निघालायस, पण कडी काढणारा एक नाय त्यांच्यात?"

"अम्मी, तुला नाय समजायचं. ताकद वाढली की दार तुटेल."

"दार नाय, टीव्ही तुटेल आधी."

दार तुटलं नाही. फहाद मला "डबडं" म्हणाला. मला! मग वर्षभर मी कपाटाखाली एका सांडलेल्या अत्तराच्या बाटलीशेजारी पडून होते. वासाची चैन होती, पण सोबतीला पाल.

नूरमहंमद पुढच्या सुट्टीवर आला तो फहादसाठी खेळातली बंदूक जोडता येणारं नवं यंत्र घेऊन. जुनं यंत्र आणि मी पिशवीत पडलो. पेणला नूरमहंमदचा एक दोस्त होता, दत्तात्रेय. दोघांनी तरुणपणी रोह्याच्या कंपनीत एका शिफ्टला काम केलेलं. पुढं एक आखातात गेला, दुसरा घरच्या धंद्यात. दत्तात्रेयाच्या मुलांना खेळणं म्हणून आम्हाला पेणला धाडलं. शहाण्णवची होळी नुकतीच झाली होती.

पेणला घरचा धंदा म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. गणपतीचा कारखाना. लांबलचक पत्र्याची शेड, फळ्यांवर शेकडो पांढरे गणपती, एकालाही अजून डोळे नाहीत. दत्तात्रेय कारखान्याचा मालक, असं पाटीवर लिहिलं होतं. खरी मालकीण त्याची आई, काशीबाई. सहावार पातळ खोचलेलं, हाताला कोपरापर्यंत माती आणि जीभ अशी, की मला पहिल्यांदाच वाटलं, हिच्यापुढे आपण गप्प राहिलेलं बरं. जेवणाच्या सुट्टीत कामगारांना बातम्या दिसाव्यात म्हणून शेडच्या कोपऱ्यात टीव्ही होता. त्याला मला जोडलं.

नातू धनेश पंधरा वर्षांचा. नात ऋतुजा बारा वर्षांची. धनेशनं मला हातात घेतलं आणि माझ्या तोंडात फूऽऽ करून फुंकर मारली. मित्रांनो, कॅसेट चालेना की तिच्यात फुंकायचं हे तुम्हाला कोणी शिकवलं? त्या दिवशी धनेशनं कांदा खाल्ला होता, एवढंच सांगते.

खेळ सुरू झाला तेव्हा पडद्यावर जुन्या खेळाची नोंद होती, फहादच्या चार सैनिकांची. नोंद ठेवायला माझ्याकडे जागा एकच. नवा खेळ सुरू केला की जुना पुसतो. धनेशनं बेधडक पुसला. मला काही वाईट वाटलं नाही. दाराला बुक्क्या मारणाऱ्यांची कसली आठवण ठेवायची?

चौघे निवडायला मात्र अख्खा कारखाना जमला.

"एक सैनिक हवा," धनेश म्हणाला. "नाव काय द्यायचं?"

"शकू दे," काशीबाई मूर्तीच्या सोंडेवरून ओला हात फिरवत म्हणाली. शकू म्हणजे तिची नणंद, गडब गावाला दिलेली. "तिच्याइतकं भांडणारं अजून जन्मलेलं नाय."

वैमानिकाला पोपट नाव मिळालं. कारखान्याचा टेम्पो चालवणारा पोपट त्यानंतर आठवडाभर टेम्पोतून उतरताना शर्टाची कॉलर नीट करायचा.

मिस्त्री निवडला तेव्हा काशीबाई जरा थांबली. "त्याचं नाव जनी ठेव."

"कोण गो जनी, आजी?" ऋतुजानं विचारलं.

"मी. माझं म्हायेरचं नाव. लग्नात बदललं, तेव्हापासून कोणी त्या नावानं हाक मारली नाय. टीव्हीत तरी दिसू दे."

चौथ्यासाठी ऋतुजा वैद्य मागत होती. धनेशला मनकवडा हवा होता. तेवढ्यात काशीबाईचे दीर, दाजी, चष्मा पुसत पुढे आले. या कारखान्यात सगळ्यात मोठा मान दाजींचा. मूर्ती साच्यातून काढायला दहा हात, घासायला दहा, रंगाला दहा. पण डोळ्यांची आखणी फक्त दाजी करायचे. तीही अगदी शेवटी. आखणीच्या आधी ते मातीला शिवत नसत. हात जड होतो, म्हणायचे.

"मनातलं ओळखणारा म्हंजे तो आपल्या आखणीवाल्यासारखा झाला," दाजींनी निकाल दिला. "तो पायजेच. त्याला माझं नाव द्या. आणि एक ध्यानात ठेवा, त्याला हाणामारीत घालायचं नाय. त्याचं काम शेवटाला."

झालं. घरच्या मोठ्या माणसानं सांगितलं, पोरांनी ऐकलं. दाजींना रांगेत सगळ्यात मागे उभं केलं. राक्षस आला की शकू, पोपट आणि जनी पुढे. दाजी मागे चष्मा पुसत. म्हणजे पडद्यावर चष्मा नव्हता, पण माझ्या डोळ्यांना तो दिसायचा.

इथं माझा नियम सांगते. माझ्यात जो लढतो तो शिकतो. जो शिकतो तो एकेक पायरी वर चढतो. जो मागे उभा राहतो तो पहिल्याच पायरीवर राहतो. हे मी पडद्यावर इंग्रजीत लिहिलं होतं. वाचतंय कोण? कारखान्यातली शिस्त त्यांच्या रक्तात होती. जपून ठेवलेला हात शेवटी चांगला चालतो, एवढं त्यांना ठाऊक. मी आतून ओरडत होते, की अरे हे गणपती नाहीत, याला रोज मातीत घाला. पण माझं तोंड यंत्रात कोंबलेलं.

वैद्य न घेतल्याचं फळ चैत्रातच मिळालं. एका दलदलीच्या ग्रहावर शकूला विष चढलं. औषध संपलेलं. ऋतुजा शेडच्या दारापर्यंत ऐकू जाईल अशी किंचाळली, "आजीऽऽ, शकूआजी मेली गो!"

दारातून शेजारची सरू चालली होती. ती तशीच मागे फिरली. तासाभरात आळीतल्या सात-आठ बाया पदर डोळ्याला लावून शेडमध्ये हजर. कोणी काशीबाईच्या पाठीवरून हात फिरवतंय, कोणी म्हणतंय, "धडधाकट होती हो, परवाच बाजारात भांडताना पाहिली." काशीबाई बापडी हातातला साचा सोडू शकत नव्हती आणि बाया तिला बोलू देत नव्हत्या. आणि देवाची करणी बघा, त्याच वेळी गडबहून एस.टी.नं खरी शकू आली. हातात वालाच्या शेंगांची पिशवी.

शकू दारात उभी. 

"कोण गेलं गो?" शकूनं विचारलं.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी ऋतुजाच हळूच म्हणाली, "तू."

पुढची अर्धी दुपार शकू जे बोलली ते मी इथं सांगत नाही, तुम्ही लहान आहात. पण जाताना ती पडद्यापुढे येऊन बसली आणि स्वतःला जिवंत करूनच उठली. माझ्यात तशी सोय आहे, तळावर जाऊन बरं होता येतं. "पुन्हा मला औषधाशिवाय नेलंत तर बघा," असं पोरांना बजावून शेंगांची पिशवी तशीच हातात घेऊन परत गेली.

जेवणाच्या सुट्टीत रोज अर्धा तास. असं करत चैत्र गेला, वैशाख गेला. पावसाळा लागला, शेडभर ओल्या मातीचा वास. जनी मिस्त्री बाराव्या पायरीवर, शकू तेराव्या, पोपट अकराव्या. दाजी पहिल्या. आणि मग आषाढात ते शेवटच्या दाराशी आले.

कुणीही, कधीही, माझ्या शेवटच्या दाराशी आलं नव्हतं. माझ्या हिरव्या पाटीवर काटा आला.

दारावर अक्षरं उमटली. ऋतुजानं शाळेची डिक्शनरी घेऊन एकेक शब्द लावला. "आत एकानेच जायचं. जो दार उघडील, तोच आतल्या मेंदूशी बोलेल."

"आली, आली, आखणीची वेळ आली!" दाजी स्टुलावर पुढे सरकले.

दाजींना पुढे केलं. दार मिस्त्रीशिवाय उघडत नव्हतं. ज्याला उघडता येत नाही त्याला दार एक झटका देतं. शकूला तो झटका म्हणजे डास चावल्यासारखा. पण पहिल्या पायरीवरचे दाजी एका झटक्यात भुर्र झाले. नुसतं धुराचं टिंब.

दाजींनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि उठून गेले. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

मग जनीला पाठवलं. तिनं दार उघडलं, आत गेली. पण मेंदूचं बोलणं तिला कळेना, ते फक्त मनकवड्याला कळतं. मेंदूनं तिला बाहेर फेकली. सहा वेळा पाठवलं, सहा वेळा फेकली.

धनेशनं हातातलं रिमोट आदळलं. "ही कॅसेटच फालतू हाय. स्टँडजवळच्या दुकानात बदलून मिळते. ही द्यायची आणि मारामारीची घ्यायची. चौसष्ट खेळ असतात तिच्यात."

"आणि शेवट?" ऋतुजा म्हणाली.

"नसेल शेवट."

मित्रांनो, माझ्यावर फुंकर मारली ते मी सोसलं, डबडं म्हणाले ते सोसलं. पण नसेल शेवट? बदलीच्या दुकानात गेलेल्या कॅसेटचं काय होतं ते मला ठाऊक होतं. आज या हाती, उद्या त्या हाती, प्रत्येक जण नवा खेळ सुरू करणार, पहिल्या दाराला बुक्क्या मारणार. माझा शेवट माझ्या पोटातच राहणार, आणि एक दिवस प्लास्टिकबरोबर वितळणार.

भांडण काशीबाईपुढे गेलं. तिनं दोघांचं ऐकून घेतलं. म्हणाली, "नारळी पुनवेपर्यंत ऋतूला खेळू दे. त्याच्यानंतर हितं रंगाची घाई, टीव्ही बंद. तवर शेवट दिसला तर ऱ्हायली, नायतर धनेशनं बदलून आणावी." पुनवेला एक महिना होता.

ऋतुजानं डिक्शनरीतून माझं सगळं लिखाण काढलं. दुसऱ्या दिवशी धावत आली. "आजी, दुसऱ्या ग्रहावर एक शाळा हाय. दहाव्या पायरीच्या वर असेल त्याला तिथं दुसरा पेशा शिकता येतो! एकाच माणसाचे दोन पेशे!"

"मग शिकव की दाजीला मिस्त्रीकाम."

"दाजी पहिल्या पायरीवर हायेत. शाळेत घेणार नायत."

"मग जनीला शिकव मनातलं ओळखायला."

ऋतुजाचा चेहरा पडला. "पण त्याच्यात एक वाईट हाय. नवा पेशा घेतला की ती पहिल्या पायरीवर जाते. आणि जुना पेशा झोपतो. नव्यात जुन्यापेक्षा वर चढली, की मगच जुना परत जागा होतो. तोवर तिला दार उघडता येणार नाय, कायच नाय. जनी शून्य होईल, आजी."

धनेश हसला. "बारा पायऱ्या घालवायच्या? येडा करेल असं."

काशीबाईनं हातातली ओली मूर्ती फळीवर ठेवली. माती हातावरून निरपत म्हणाली, "मी केलं."

"काय केलं?"

"माझ्या बापाचं धरमतरच्या बाजूला मिठागर. वयाच्या नवव्या वर्षी मला सांगता यायचं, वारा कुठून आला, मीठ कधी पिकंल, कुठल्या कोंडीत पाणी सोडायचं. लग्न होऊन हितं आले. हितं कोणाला मिठाचं काय पडलंय? पहिल्या दिवशी सासूनं माती तुडवायला उभी केली. सगळ्यात धाकट्या पोराच्या हाताखाली. ज्या बाईला भरती-ओहोटी पाठ, तिला पाच वर्षांचं पोर सांगतंय, काकी, पाय असा टाक. शून्य नाय तर काय? झोपली जनी."

शेडमधले हात थांबले होते. काशीबाईला ते दिसलं, तशी ती डाफरली, "कान हिकडं असू द्या, हात मूर्तीवर!" आणि पुढे म्हणाली, "सात वर्सं गेली. साचा शिकले, घासकाम शिकले, रंग शिकले. सासूपेक्षा बरा हात झाला माझा. मग एका वर्षी मातीचा नवा ट्रक आला. मी चिमूटभर माती जिभेला लावली आणि सांगितलं, ही खारी हाय, घेऊ नका, रंग पापुद्रे सोडंल. सासरा म्हणाला, हे तुला कसं कळलं? मी म्हटलं, मिठागराची पोर हाय मी, मला नाय कळणार तर कोणाला? ट्रक परत गेला. त्या दिवशी जनी उठली बघ. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर कोण ऐकणार होतं? म्हणाले असते, कालची आली नि आम्हाला शिकवते."

मित्रांनो, माझ्या बनवणाऱ्यांनी हा नियम का ठेवला, ते मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. शारजातून निघाले, रोह्याला अत्तरात लोळले, आणि कळलं ते पेणच्या शेडमध्ये, चौथीतून शाळा सोडलेल्या बाईच्या तोंडून. मान्य करायला जड जातं, पण करते.

"घाल तिला शाळेत," काशीबाई म्हणाली. "आणि त्या दाजीला पुढं काढ. मागं ठेवून काय लोणचं घालायचंय?"

दोन दिवसांचा रुसवा सोडून दाजी कोपऱ्यातून पुटपुटले, "जपून मारा म्हणजे झालं."

ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात हालाचे. मिस्त्री झोपलेली, दारं बंद, बंदुका अडकलेल्या. जनी पहिल्या पायरीवर, दाजी पहिल्या पायरीवर, आणि दोघांना सांभाळत शकू आणि पोपट. औषधाची पिशवी सतत भरलेली, नाहीतर गडबच्या शकूची बोलणी कोण खाणार? बारकी बारकी राक्षसं मारून जनी एकेक पायरी चढत होती. सातवी पायरी आली आणि पेणची लाइट गेली. तीन दिवसांची कमाई पाण्यात. का? कारण खेळ आधी जतन करायला ऋतुजा विसरली. ती रडायला लागली.

"रडून चढते काय पायरी?" काशीबाई खेकसली. "जतन कसं करायचं ते मला दाखव."

तळावर जायचं, मग यंत्रावरचं एक बटण दाबून धरायचं आणि मगच यंत्र बंद करायचं. दुसऱ्या दिवसापासून सुट्टी संपायच्या पाच मिनिटं आधी काशीबाई हाक द्यायची, "ऋतू, तळावर!" आणि दोन्ही हात मातीत असल्यामुळं पायाच्या अंगठ्यानं बटण दाबून धरायची. मला आयुष्यात अनेकांनी हाताळलं, पण त्या अंगठ्यासारखा नेमका हात कोणाचाच नव्हता.

पुनवेच्या आदल्या दिवशी दुपारी जनी बाराव्या पायरीवर होती. जुन्या पेशाच्या वर जायला तेरावी हवी. शेडमध्ये रंगाचे डबे येऊन पडले होते. धनेश मला न्यायला पिशवी घेऊन उभाच होता. सुट्टी संपली. पोपट टेम्पोचा हॉर्न वाजवत होता. ऋतुजानं आजीकडे पाहिलं. काशीबाई कामगारांकडे वळली. "अजून धा मिनिटं बसा. चहा सांगते."

या कारखान्यात काशीबाईनं सुट्टी वाढवली, हे त्याआधी कधी झालं नव्हतं. दाजी तर घड्याळ कानाला लावून बघायला लागले.

सात मिनिटांत जनी तेराव्या पायरीवर गेली. पडद्यावर तिच्या नावापुढे मिस्त्रीची खूण पुन्हा पेटली. मनकवड्याची शेजारी होतीच. दोन खुणा. ऋतुजानं तिला दाराशी नेलं. दार उघडलं. जनी आत गेली. मेंदू बोलला. जनीला कळलं. तिनं उत्तर दिलं. आणि त्या मेंदूनं तारायानाची किल्ली तिच्या हातात दिली.

मग मी माझा शेवट दाखवला.

पहिल्यांदाच दाखवत होते हो. इतकी घाबरले की चित्र जरा थरथरलं. यान उडालं. काळं आकाश, मग एक निळा गोळा. यान एका हिरव्या शेतात उतरलं. दार उघडून चार बारकी माणसं बाहेर आली. मग एकेकाचं नाव आलं. शकू, सैनिक. पोपट, वैमानिक. जनी, मिस्त्री आणि मनकवडी. दाजी, मनकवडा, पायरी चौथी. बस. एक मिनिटही नाही.

"एवढंच?" धनेश म्हणाला.

खरंच एवढंच होतं. मी मनात केवढं वाढवून ठेवलं होतं.

"एवढंच म्हंजे?" काशीबाई कडाडली. "चौघं सुखरूप घरी पोचली ना? आणि काय हत्तीवरून साखर वाटायची?" मग पडद्याजवळ गेली. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिनं ऋतुजाला विचारलं, "ह्यातलं जनी कुठलं?" ऋतुजानं दाखवलं. "आणि दोन्ही कामं लिहिली हायत?"

"दोन्ही लिहिली हायत, आजी."

काशीबाईनं त्या नावावरून बोट फिरवलं. काचेवर मातीचा एक पट्टा उमटला. तिनं तो पुसला नाही. मागे दाजी सगळ्यांना सांगत होते, "चौथी का होईना, पण पायरी चढलो."

मित्रांनो, इथं माझी गोष्ट संपायला हवी होती. पण खरी उपेक्षा यापुढेच झाली, आणि तीही मायेपोटी. माझ्याकडे नोंदीला जागा एकच. नवा खेळ सुरू केला तर जनी पुसणार. म्हणून मला कोणी लावेना. मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये ठेवलं, काचेच्या बदकाशेजारी. कोणी पाहुणा आला की ऋतुजा सांगायची, "ह्याच्यात आमची आजी हाय." पाहुणा मान डोलवायचा आणि बदक बघायचा. सत्त्याण्णव गेलं, अठ्ठ्याण्णव गेलं. रोज फडक्यानं पुसायचे, पण काचेच्या बाहेरून. जपणुकीनं माणूस मरतो असं कधी ऐकलं नव्हतं, पण मी मरायला टेकले होते.

नव्व्याण्णवच्या गणपतीनंतरची गोष्ट. सगळ्या मूर्ती गेल्या होत्या, शेड रिकामी. काशीबाई हातपाय धुऊन बाहेरच्या खोलीत आली, शोकेस उघडलं आणि मला पिशवीतून काढलं.

"आजी, नको गो! तू पुसली जाशील!" आता पंधरा वर्षांची झालेली ऋतुजा धावत आली.

"मग पुसू दे. दोन हजार गणपती केले औंदा. डोळे लावून, दागिने रंगवून. कालपरवा सगळे पाण्यात गेले. रडलीस तू? आपण पाण्यात जाणारं बनवणारी माणसं, आणि चार अक्षरं पुसायला हात कापतो तुझा? जनी काय ह्या डबीत हाय? मी हितं उभी हाय ना तुझ्यापुढं."

"पण मग आता काय करायचं?"

"परत खेळायचं. मिस्त्रीकाम झालं, मनकवडंपण झालं. आता मला वैमानिक कर."

तर मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात कोणी काचेमागे जपून ठेवलेलं असेल, शेवटच्या कामासाठी राखून ठेवलेलं असेल, वस्तू असो की माणूस, त्याला बाहेर काढा. त्याला काम द्या, झिजू द्या, चुकू द्या, नवं काही शिकून पहिल्या पायरीवर बसू द्या. काळजी घेणं म्हणजे फडकं मारणं नव्हे. आणि आता मला तुमच्याशी बोलत बसायला वेळ नाही. काशीबाई यान चालवायला बसल्या आहेत, सकाळपासून तीन वेळा डोंगरावर आपटल्या आहेत, आणि तिन्ही वेळा चूक डोंगराची होती असं म्हणतात.